विश्लेषण : कॅन्सरचं औषध कोणाला मिळणार, हे फॉर्मालिनच्या बरणीत कसं ठरतं?

23 जुलै 2024 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पात कॅन्सरच्या तीन औषधांवरचं सीमाशुल्क पूर्णपणे काढून टाकलं. ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, ओसिमर्टिनिब आणि डुर्व्हालुमॅब ही ती औषधं. सप्टेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने याच औषधांवरचा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आणला. पुढे 2025-26 च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांमध्ये कॅन्सर डे केअर केंद्रं सुरू करण्याची घोषणा झाली. त्यातली 200 केंद्रं पहिल्याच वर्षी सुरू करायचं ठरलं.

या तिन्ही बातम्या तुमच्या फीडवर येऊन गेल्या असतील. औषध स्वस्त आणि उपचार घराजवळ, म्हणजे निम्मी लढाई जिंकली असं वाटणं साहजिक आहे.

पण यातली पहिली दोन औषधं नुसतं 'कॅन्सर आहे' म्हणून देता येत नाहीत. गाठीच्या पेशींमध्ये विशिष्ट प्रथिन किंवा विशिष्ट जनुकीय बदल आहे का, हे आधी तपासावं लागतं. बहुतेक वेळा ही तपासणी बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावर होते. तो तुकडा नीट जपला गेला नाही, तर रिपोर्ट चुकू शकतो आणि लागू पडणारं औषध रुग्णाला नाकारलं जाऊ शकतं.

त्या तुकड्याचं नेमकं काय होतं आणि गडबड कुठे होऊ शकते? सोप्या भाषेत समजून घेऊ.

बायोप्सीचा रिपोर्ट यायला इतके दिवस का लागतात?

'तुकडा काढला, मायक्रोस्कोपखाली बघितला, झालं' असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मायक्रोस्कोप येतो सगळ्यात शेवटी.

शरीरातून काढलेल्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो, पण त्यातली एन्झाइम लगेच थांबत नाहीत. ती पेशींनाच पचवायला लागतात. हे थांबवण्यासाठी तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकतात. लॅबमधल्या '10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन'मध्ये फॉर्माल्डिहाइड प्रत्यक्षात साधारण 4 टक्के असतं. ते प्रथिनांना एकमेकांशी जखडून ठेवतं, त्यामुळे पेशी जशा होत्या तशा थिजतात. याला फिक्सेशन म्हणतात. 1893 मध्ये जर्मन डॉक्टर फर्डिनांड ब्लूम जंतुनाशक म्हणून फॉर्माल्डिहाइडची चाचणी घेत होते. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली आणि त्यातून हा उपयोग लक्षात आला. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही जगभरातल्या लॅब हेच रसायन वापरतात.

फिक्स झालेला तुकडा मऊ आणि ओला असतो. त्याचे पातळ काप काढायचे तर त्याला आधार लागतो आणि तो आधार पॅराफिन मेणाचा असतो. पण मेण आणि पाणी एकत्र येत नाहीत. म्हणून आधी वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून तुकडा फिरवून त्यातलं पाणी काढतात. मग झायलीनने अल्कोहोल काढतात आणि शेवटी साधारण 60 अंशांवर वितळलेलं मेण आत मुरवतात. हे काम करणारं मशीन बहुतेक लॅबमध्ये रात्रभर चालतं. सकाळी तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवला जातो. हाच तो 'ब्लॉक'.

मग टेक्निशियन मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर ब्लॉकचे काप काढतो. एका कापाची जाडी 3 ते 5 मायक्रॉन. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप मावतील. कोमट पाण्यावर तरंगणारा हा काप अलगद काचपट्टीवर, म्हणजे स्लाइडवर, उचलून घ्यायचा असतो. पात्याची धार गेली असेल तर कापावर रेघा उमटतात, हात हलला तर घडी पडते.

ऑपरेशन सुरू असताना मात्र साधारण वीस मिनिटांत उत्तर देता येतं. त्यासाठी तुकडा गोठवून उणे 20 अंशांच्या आसपास कापतात. याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. पण बर्फाच्या कणांमुळे पेशींची रचना बिघडते, म्हणून अंतिम रिपोर्टसाठी मेणाच्या ब्लॉकचीच वाट बघावी लागते.

तो जांभळा-गुलाबी रंग कुठून येतो?

इतका पातळ काप जवळजवळ पारदर्शक असतो. प्रकाश त्यातून आरपार जातो आणि नुसतं भिंग वाढवून काहीच कळत नाही. साधा मायक्रोस्कोप एकमेकांपासून 0.2 मायक्रॉनवर असलेले दोन बिंदू जेमतेम वेगळे दाखवू शकतो. प्रकाशाच्या स्वभावामुळे येणारी ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्येच मांडली होती. पेशी ओळखायला एवढी ताकद भरपूर आहे, फक्त तिथे दिसण्यासारखं काहीतरी हवं. ते काम रंग करतात.

जगभर रोज वापरली जाणारी जोडी आहे हिमॅटॉक्झिलिन आणि इओसिन. लॅबच्या भाषेत 'एच अँड ई'. 1870 च्या दशकापासून हे दोन रंग एकत्र वापरले जात आहेत. हिमॅटॉक्झिलिन मध्य अमेरिकेतल्या लॉगवूड नावाच्या झाडाच्या गाभ्यातून मिळतं. एकटं ते पेशीवर टिकत नाही, त्याला धरून ठेवायला ॲल्युमिनियमचा क्षार लागतो. कापड रंगवताना रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरतात ना, तोच प्रकार इथेही आहे. या मिश्रणाने पेशीचं केंद्रक निळं-जांभळं होतं. इओसिन उरलेला भाग गुलाबी करतं.

केंद्रकं फुगलीत का, वेडीवाकडी झालीत का, पेशींनी आपली रांग सोडून शेजारच्या भागात घुसखोरी केलीय का, हे या दोन रंगांवरून दिसतं. 'कॅन्सर आहे की नाही' या प्रश्नाचं उत्तर आजही मुख्यतः इथेच मिळतं. हे सगळं एका झाडावर किती अवलंबून आहे, ते 2008 मध्ये दिसलं. त्या वर्षी हिमॅटॉक्झिलिनचा तुटवडा झाला आणि लॅबना पर्यायी रंग शोधायची वेळ आली.

मग औषध कोणतं, हे कसं ठरतं?

इथे तिसरा रंग येतो, तपकिरी.

स्तनाच्या कॅन्सरचं उदाहरण घेऊ. भारतातल्या महिलांमध्ये हाच कॅन्सर सर्वाधिक आढळतो. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार 2022 मध्ये देशात त्याचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण होते. यातल्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांना निदान तीन गोष्टी कळायला हव्यात : ईआर, पीआर आणि हर-2. पहिले दोन हार्मोन रिसेप्टर आहेत, तर हर-2 हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन आहे.

ही चाचणी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, थोडक्यात आयएचसी. त्याच ब्लॉकचा नवा काप घेतात आणि त्यावर फक्त एका प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. ती जिथे चिकटली तिथे रासायनिक क्रियेने तपकिरी रंग उमटवतात. रंग उमटला म्हणजे प्रथिन आहे.

यात एक मोठी अडचण होती. फॉर्मालिनने जखडलेल्या प्रथिनांपर्यंत अँटिबॉडी पोहोचतच नसे. 1991 मध्ये शान-रोंग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लाइड मायक्रोवेव्हमध्ये तापवून ही प्रथिनं पुन्हा 'उघडी' करता येतात हे दाखवलं. आज काही लॅबमध्ये त्यासाठी चक्क प्रेशर कुकर वापरतात.

हर-2 चा निकाल 0, 1+, 2+ किंवा 3+ असा येतो. 3+ म्हणजे पॉझिटिव्ह. 2+ म्हणजे कुंपणावर, पुढे फिशसारखी जनुकीय चाचणी करावी लागते. 0 आणि 1+ या दोघांनाही अनेक वर्षं 'निगेटिव्ह' म्हटलं जायचं. उपचारात फरक पडत नसल्यामुळे या दोनमध्ये काटेकोर भेद करण्याची कोणाला गरजही वाटत नव्हती.

ऑगस्ट 2022 मध्ये हे बदललं. अमेरिकेच्या एफडीएने ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅनला 'हर-2 लो' रुग्णांसाठी मान्यता दिली. हर-2 लो म्हणजे 1+, किंवा 2+ असून जनुकीय चाचणी निगेटिव्ह. ही मान्यता ऑपरेशनने काढता न येणाऱ्या किंवा शरीरात इतरत्र पसरलेल्या आजारासाठी आहे. जानेवारी 2025 मध्ये एफडीए आणखी एक पायरी खाली उतरली. हार्मोन पॉझिटिव्ह रुग्णांमध्ये 'अल्ट्रालो', म्हणजे 10 टक्के किंवा त्याहून कमी पेशींवर पुसटसा रंग दिसला तरी, हे औषध विचारात घेता येऊ लागलं.

आपल्याकडे ज्याच्यावरचं सीमाशुल्क हटवलं, तेच हे औषध. आता ते द्यायचं की नाही हे 'पुसट तपकिरी' आणि 'काहीच नाही' यांतल्या फरकावर ठरू शकतं. ही चाचणी मुळात 3+ शोधण्यासाठी बनली होती, इतका बारीक भेद करण्यासाठी नव्हे.

बरणीतल्या चुकीने असा काय फरक पडतो?

पुसट रंग टिकणं हे पहिल्या काही तासांवर अवलंबून असतं. म्हणूनच अमेरिकेतल्या एएससीओ आणि सीएपी या संस्थांनी स्तनाच्या कॅन्सरसाठी स्पष्ट नियम घालून दिले आहेत. तुकडा काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे. आणि तो किमान 6 तास, जास्तीत जास्त 72 तास त्यात राहिला पाहिजे.

हे नियम मोडणं किती सोपं आहे बघा.

तुकडा फॉर्मालिनऐवजी सलाईनमध्ये ठेवला, तर तो ओला राहतो पण फिक्स होत नाही. बरणीत फॉर्मालिन कमी पडलं, तर पुरेसा परिणाम होत नाही. तुकड्याच्या किमान दहापट फॉर्मालिन हवं असा साधा हिशोब आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला मोठा भाग तसाच, काप न देता बरणीत टाकला, तर फॉर्मालिन बाहेरून हळूहळू आत सरकेपर्यंत मधली गाठ खराब व्हायला लागते. बाहेरचा भाग व्यवस्थित असतो, आणि ज्यासाठी ऑपरेशन केलं तोच भाग बिघडलेला.

आता यात प्रवास मिळवा. तालुक्याच्या गावी काढलेला तुकडा अनेकदा मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जातो. शनिवारी दुपारी बायोप्सी झाली, रविवारी कुरिअर बंद, सोमवारी सणाची सुट्टी, की मंगळवारी दुपारपर्यंत 72 तास सरले. बरणीवर बायोप्सीची वेळच लिहिली नसेल, तर किती उशीर झाला हे लॅबलाही कळत नाही.

अशा तुकड्यात कॅन्सर आहे एवढं बहुतेक वेळा ओळखता येतं, आणि त्यामुळेच धोका लपून राहतो. रिपोर्ट येतो, निदान बरोबर असतं, पण ईआर खोटा निगेटिव्ह आलेला असू शकतो. ईआर पॉझिटिव्ह रुग्णाला टॅमॉक्सिफेनसारखी गोळी देतात. ही जुनी, स्वस्त आणि आजार परतण्याचा धोका कमी करणारी गोळी आहे. खोट्या निगेटिव्हमुळे रुग्णाला ती मिळत नाही. म्हणजे इथे नुकसान फक्त महागड्या नव्या औषधापुरतं राहत नाही.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही हीच गत आहे. ओसिमर्टिनिब देण्याआधी ईजीएफआर जनुकातला बदल शोधावा लागतो. फॉर्मालिन आम्लधर्मी झालेलं असेल किंवा तुकडा त्यात फार काळ राहिला असेल, तर त्यातल्या डीएनएचे बारीक तुकडे होतात आणि चाचणी फसू शकते. काही रुग्णांमध्ये रक्तावरूनही ही चाचणी करता येते, पण ती निगेटिव्ह आली तर शक्य असेल तेव्हा पुन्हा गाठीच्या तुकड्याकडेच वळावं लागतं.

असं खरंच कुठे घडलंय का?

हो, आणि तेही कॅनडासारख्या देशात.

न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडोर या प्रांतात 2005 मध्ये एका रुग्णाची आधी निगेटिव्ह आलेली ईआर चाचणी पुन्हा केली. ती पॉझिटिव्ह निघाली. मग 1997 ते 2005 या काळातले सुमारे हजार रुग्णांचे जुने नमुने टोरांटोच्या माउंट सायनाय हॉस्पिटलकडे फेरतपासणीसाठी पाठवले गेले. जवळपास 400 रुग्णांचे निकाल चुकीचे ठरले. यातल्या अनेकींना हार्मोनची औषधं मिळायला हवी होती, ती मिळाली नव्हती. काहींचा तोवर मृत्यू झाला होता.

सरकारने न्यायाधीश मार्गारेट कॅमेरॉन यांचा चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल 2009 मध्ये आला. कोणा एका डॉक्टरच्या चुकीपेक्षा गुणवत्ता तपासण्याच्या व्यवस्थेचाच अभाव हे त्यातलं मोठं दुखणं होतं. चाचणी वर्षानुवर्षं सुरू होती, आणि ती बरोबर चालली आहे का हे कोणी पद्धतशीरपणे पाहत नव्हतं.

एक गोष्ट इथे लक्षात घ्या. जुने ब्लॉक जपून ठेवलेले होते म्हणूनच ही चूक उघड होऊ शकली.

चूक वेळीच पकडता येत नाही का?

येते, आणि त्यासाठी फार खर्चही नाही. प्रत्येक चाचणीसोबत 'कंट्रोल' लावायचा असतो, म्हणजे जिचं उत्तर आधीच माहीत आहे अशी स्लाइड. तीच तपकिरी झाली नाही, तर त्या वेळचे सगळे निकाल बाजूला ठेवायचे.

पण लॅबचा कंट्रोल लॅबपुरता असतो. तुमचा तुकडा वाटेत खराब झाला असेल, तर ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी पॅथॉलॉजिस्ट तुमच्याच स्लाइडवरच्या निरोगी पेशी बघतात. स्तनाच्या निरोगी नलिकांमधल्या काही पेशी ईआर पॉझिटिव्ह असतातच. त्यांच्यावरही रंग आला नसेल, तर 'निगेटिव्ह' लिहिण्याआधी थांबून चाचणी पुन्हा करायला हवी.

एआय यातून मार्ग काढेल का?

एप्रिल 2017 मध्ये एफडीएने फिलिप्सच्या यंत्रणेला परवानगी दिली आणि स्लाइड स्कॅन करून स्क्रीनवर बघून निदान करण्याचा रस्ता मोकळा झाला. सप्टेंबर 2021 मध्ये पेज प्रोस्टेट या एआय सॉफ्टवेअरलाही एफडीएची मंजुरी मिळाली. प्रोस्टेटच्या बायोप्सीत कुठे नीट बघायला हवं, हे ते पॅथॉलॉजिस्टला दाखवतं.

याचा आपल्याला फायदा आहेच. स्कॅन केलेली एक स्लाइड एक जीबीपेक्षाही मोठी असू शकते, पण इंटरनेट चांगलं असेल तर गडचिरोलीतली स्लाइड मुंबईत बसून बघता येईल. मोजणीचं कंटाळवाणं कामही सॉफ्टवेअर न थकता करतं.

मात्र सॉफ्टवेअरला दिसते ती स्लाइड. जे प्रथिन बरणीतच नष्ट झालं, ते त्याला सापडणार नाही. वेगवेगळ्या लॅबच्या रंगांतला फरक किंवा कापातली घडी यांनीही त्याचा गोंधळ उडतो. जिथे तुकड्याची तयारी कच्ची आहे, तिथे एआय आणून चुकीचा निकाल फक्त जास्त वेगाने मिळेल.

सरकारने काय करायला हवं?

डे केअर केंद्रांचा उद्देश केमोथेरपीसारखे उपचार जिल्ह्यातच मिळावेत हा आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर मुक्काम करणारी कुटुंबं ज्यांनी पाहिलीत, त्यांना या योजनेची गरज वेगळी सांगायला नको.

पण उपचाराच्या आधी निदान येतं. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत : ऑपरेशन थिएटरमध्येच भरून ठेवलेल्या फॉर्मालिनच्या रुंद तोंडाच्या बरण्या, त्यावर तारीख आणि वेळ लिहिण्याची सक्ती, सुट्टीच्या दिवशीही नमुना उचलण्याची सोय आणि प्रशिक्षित टेक्निशियन. शिवाय आयएचसी करणाऱ्या प्रत्येक लॅबची बाहेरच्या संस्थेकडून नियमित तपासणी. आज एनएबीएलची मान्यता घेणं लॅबसाठी ऐच्छिक आहे. ज्या चाचणीवर सरकारी पैशाने दिलेलं औषध अवलंबून आहे, निदान तिच्यासाठी तरी ती ऐच्छिक का असावी, हा प्रश्न विचारायला हवा.

घरात कोणाची बायोप्सी असेल तर काय कराल?

– नमुना कशात ठेवला आणि लॅबमध्ये कधी पोहोचणार, हे डॉक्टरांना विचारा. लांब सुट्टीच्या तोंडावर तातडीची नसलेली बायोप्सी असेल, तर दिवस बदलता येईल का तेही विचारा.

– नमुना स्वतः लॅबमध्ये नेत असाल तर रुग्णाचं नाव, तारीख आणि वेळ बरणीवर आहे का ते बघा. बरणी उघडू नका आणि तिच्यात स्वतःहून काही ओतू नका. प्रत्येक नमुना फॉर्मालिनमध्ये जातोच असं नाही. टीबीच्या कल्चरसाठीचा तुकडा त्यात टाकला तर जंतू मरतात आणि कल्चरच करता येत नाही.

– ईआर, पीआर किंवा हर-2 चा रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि तो आजाराच्या बाकीच्या चित्राशी जुळत नाही असं डॉक्टरांना वाटलं, तर फेरतपासणीबद्दल बोला. हर-2 च्या रिपोर्टमध्ये नुसतं 'निगेटिव्ह' लिहिलं असेल, तर 0 की 1+ हे लिहून मागा.

– मोठ्या रुग्णालयात जाताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. लॅबकडून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक मेणाचा असतो, तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. पोहोच घ्या आणि काम झाल्यावर तो परत कुठे जमा करायचा ते विचारून ठेवा. उद्या नवं औषध आलं, तर त्याची चाचणी याच ब्लॉकवर होऊ शकते, नव्याने सुई टोचून घेण्याची वेळ कदाचित येणार नाही.